‘हवे होते’ आणि ‘झाले असते’ : न घडलेल्या भूतकाळाच्या मराठी मांडणीची चिकित्सा

इंग्रजीतील ‘शुड हॅव’, ‘वुड हॅव’, ‘कुड हॅव’ आणि ‘मस्ट हॅव’ या क्रियापदसमूहांना मराठीत एकेक ठरीव प्रतिशब्द देऊन मोकळे होण्याची रीत महाराष्ट्रातील इंग्रजी शिक्षणात फार जुनी आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने भाषांतराच्या मार्गाने इंग्रजी शिकविण्याचा जो पायंडा पाडला, त्याचे ऋण मोठे आहे. तथापि त्या वळणाने पुढे जी शिकवणूक चालली, तिच्यात ‘शुड हॅव’ म्हणजे ‘पाहिजे होते’ आणि ‘वुड हॅव’ म्हणजे ‘असते’ ही समीकरणे पाढ्याप्रमाणे पाठ होऊन बसली. पाढा चुकीचा नाही, पण अपुरा आहे. आणि त्याच्या अपुरेपणाचा दोष इंग्रजीच्या अभ्यासापेक्षा मराठीच्या अभ्यासाला अधिक लागला आहे. दोन भाषा न घडलेल्या गोष्टीविषयी बोलताना भूतकाळाचे चिन्ह वाक्यात वेगवेगळ्या जागी ठेवतात, ही मूळ गोष्ट त्या समीकरणांखाली झाकली जाते.

उदाहरणासाठी एक साधा प्रसंग पुरे आहे. पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या महामार्गावर कापूरहोळ हे गाव लागते. तेथून उजवीकडचा रस्ता भोरला जातो, डावीकडचा नारायणपूरवरून सासवडला. साताऱ्याच्या गाडीत बसलेल्या आणि भोरला जाऊ इच्छिणाऱ्या उतारूने कापूरहोळला उतरून गाडी बदलणे सोयीचे. असा एखादा उतारू झोपेत पुढे निघून गेला, तर त्याच्याविषयी मराठीत निदान पाच प्रकारांनी बोलता येते. ‘त्याने कापूरहोळला उतरायला हवे होते’ हे एक. ‘त्याला कापूरहोळला उतरायचे होते’ हे दुसरे. ‘तो कापूरहोळला उतरला असता’ हे तिसरे. तो पुढे गेला हे ठाऊक नसलेला मनुष्य ‘तो कापूरहोळला उतरला असावा’ असे म्हणेल, हे चौथे. आणि त्याच गाडीतील ज्या दुसऱ्या उतारूला मनात नसताना खाली यावे लागले, त्याच्याविषयी ‘त्याला कापूरहोळला उतरावे लागले’ हे पाचवे. पहिल्यात कर्तव्य आहे व ते पाळले गेले नाही असा रोख आहे. दुसऱ्यात बेत किंवा इच्छा आहे. तिसऱ्यात न पुरी झालेली अट गृहीत आहे. चौथे निव्वळ अनुमान आहे. पाचव्यात सक्ती आहे आणि ती क्रिया प्रत्यक्ष घडली आहे.

या पाचांपैकी पहिल्या आणि चौथ्या वाक्यांची गल्लत विद्यार्थ्यांच्या भाषांतरांत सर्वांत जास्त आढळते. ‘मस्ट’ म्हणजे ‘पाहिजे’ आणि ‘हॅव’ म्हणजे भूतकाळ, असा हिशेब मांडून ‘ही मस्ट हॅव गॉट डाउन’ याचे ‘त्याने उतरायला पाहिजे होते’ असे रूपांतर केले जाते. इंग्रजी वाक्यात दोष देण्याचा लवलेश नाही; ते अनुमान आहे. विद्यार्थ्याच्या मराठी वाक्यात मात्र त्या बिचाऱ्या उतारूवर हलगर्जीपणाचा ठपका बसतो. गमतीची गोष्ट अशी की, मराठीतही ‘पाहिजे’ हा शब्द अनुमानासाठी वापरता येतो. फक्त त्याची जागा बदलते. ‘तो उतरला असला पाहिजे’ या वाक्यात भूतकाळ ‘उतरला’ या कृदन्तात आहे आणि ‘पाहिजे’ वर्तमानात आहे, कारण अनुमान करणारा आज अनुमान करीत आहे. ‘त्याने उतरायला पाहिजे होते’ यात क्रियेचे रूप कालनिरपेक्ष आहे आणि भूतकाळ ‘पाहिजे’ला जोडलेला आहे, कारण कर्तव्य काल होते. काळाचे चिन्ह कोणाच्या अंगाला लागले आहे एवढ्यावरून मराठी भाषक हे दोन अर्थ अचूक वेगळे ठेवतो.

इंग्रजीला ही सोय उरलेली नाही. ‘शुड’, ‘वुड’, ‘कुड’, ‘माइट’ ही रूपे मूळची भूतकाळाचीच. ‘मस्ट’देखील जुन्या एका भूतकाळी रूपापासून आलेले आहे. कालांतराने या रूपांतील भूतकाळाची जाणीव झिजली आणि ती वर्तमान व भविष्याविषयीच्या सौम्य विधानांसाठी वापरली जाऊ लागली. मग भूतकाळ दाखवावयाचा कशाने? सहायकाला दुसरे भूतरूप उरले नव्हते. म्हणून ‘हॅव’ आणि कृदन्त यांची जोडी क्रियेच्या बाजूस लावण्यात आली. परिणामी ‘शुड हॅव गॉन’ या रचनेत रूपाच्या दृष्टीने भूतकाळ ‘जाण्या’ला लागला आहे, कर्तव्याला नव्हे, अर्थ मात्र कर्तव्य भूतकाळी होते असाच घेतला जातो. ‘मस्ट’ला तर तेही साधले नाही. ‘मस्ट हॅव’ अनुमानाच्या स्वाधीन झाल्यामुळे भूतकाळातील सक्ती दाखविण्यास ‘हॅड टू’ ही वेगळीच रचना पुढे आणावी लागली. तेव्हा ‘पाहिजे होते’ हे ‘शुड हॅव’चे शब्दशः भाषांतर आहे अशी समजूत करून घेण्यात अर्थ नाही. दोन्ही रचना एका मुक्कामाला पोहोचतात, पण उलट बाजूंनी.

शब्दांच्या मुळांतही असाच वेगळेपणा आहे. ‘शॅल’ या धातूचा जुना अर्थ ‘देणे लागणे’ असा, आणि ‘ऑट’ हे तर ‘ओ’ म्हणजे ‘देणेकरी असणे’ याच क्रियापदाचे जुने भूतरूप. इंग्रजी कर्तव्याच्या तळाशी ऋणाची कल्पना आहे. मराठीतील ‘पाहिजे’ हे ‘पाहणे’ या धातूचे जुने कर्मणिरूप आहे. प्राकृतातील ‘इज्ज’ हा कर्मणि प्रत्यय त्यात अद्याप ओळखू येतो. ‘पाहिले जाते’, ‘ज्याची वाट पाहिली जाते’, म्हणून ‘हवे असते’, असा त्याच्या अर्थाचा ओघ आहे. कर्मणि मूळ असल्यामुळेच या रचनेत कर्त्याला प्रथमेत बसता येत नाही आणि क्रियापद कर्माच्या मागे जाते. निरोप सांगायला हवा होता, चिठ्ठी लिहायला हवी होती, पत्र लिहायला हवे होते. द्वितीय पुरुषात तर याहून मौजेचा प्रकार घडतो. ‘तू चिठ्ठी लिहायला हवी होतीस’ या वाक्यात ‘होती’ने लिंग चिठ्ठीचे घेतले आहे आणि अंती लागलेला ‘स्’ मात्र ‘तू’चा आहे. एकाच क्रियापदात कर्माचे लिंग आणि कर्त्याचा पुरुष एकत्र नांदतात. ज्याला बोल लावावयाचा तो समोर उभा असला म्हणजे कर्मणिरूपाच्या आडूनही भाषा त्याच्याकडे बोट दाखवून घेते.

या रचनेचा सर्वांत महत्त्वाचा भाग, ज्याकडे शालेय व्याकरणांनी जवळजवळ डोळेझाक केली आहे, तो कर्त्याच्या विभक्तीचा. ‘त्याने जायला हवे होते’ आणि ‘त्याला जायला हवे होते’ ही वाक्ये एक नव्हेत. पहिल्यात जाणे ही त्याची जबाबदारी होती. तो गेला नाही, आणि न जाण्याचा दोष त्याच्याकडे येतो. दुसऱ्यात जाण्याची निकड त्याच्यावर येऊन पडली होती. ती निकड कोठून आली हे वाक्य सांगत नाही, दोषाचा सूर लावत नाही, आणि तो अखेर गेला की नाही हेही बरेचसे मोकळे ठेवते. हाच भेद ‘उतरायचे होते’ या रचनेत अधिक ठळक होतो. ‘त्याला कापूरहोळला उतरायचे होते’ म्हणजे त्याचा तसा बेत होता. ‘त्याने कापूरहोळला उतरायचे होते’ म्हणजे त्याचे चुकले. एका ‘ला’ आणि ‘ने’च्या फरकाने इच्छेचे कर्तव्य होते. ‘तू मला आधी सांगायचे होतेस’ या घरोघरी ऐकू येणाऱ्या तक्रारीत जो रुसवा आहे, तो प्रथमपुरुषी ‘मला तुला आधी सांगायचे होते’ यात अजिबात नाही. तेथे बोलणारा स्वतःची राहून गेलेली इच्छा सांगत आहे. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘यू शुड हॅव टोल्ड मी’ आणि दुसऱ्यासाठी ‘आय वॉन्टेड टू टेल यू’ अशी दोन निराळी क्रियापदे लागतात. मराठी एकाच क्रियापदावर विभक्तीच्या बळाने दोन्ही कामे भागविते. हे मराठीचे वैभव आहे असे म्हणण्याची घाई करू नये. कारण जेथे विभक्ती बदलण्यास वाव नसतो तेथे हेच बळ नाहीसे होते. त्याचा विचार पुढे येईल.

मग व्याकरणांत या रचनेला स्थान कोणते? दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली निघाले, मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली. त्या परंपरेतून शालेय पुस्तकांत क्रियापदाचे चार अर्थ स्थिर झाले : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. विध्यर्थ म्हणजे ‘आवे’ प्रत्ययाचे रूप. संकेतार्थ म्हणजे ‘जर–तर’च्या वाक्यातील रूप. या चौकटीत ‘जायला हवे होते’ बसत नाही. अर्थाने ते विध्यर्थाचे, पण त्यात ‘आवे’ नाही. न घडलेल्या क्रियेचा ध्वनी त्यात आहे, पण ‘जर’ नाही. साहजिकच ते स्वार्थात ढकलले जाते, म्हणजे ‘तो गेला होता’ याच्या पंक्तीस जाऊन बसते. रूपावरून वर्गीकरण करावयाचे की अर्थावरून, या जुन्या वादात अर्धे पाऊल इकडे आणि अर्धे तिकडे ठेवल्याचा हा परिणाम होय. अरविंद मंगरूळकरांनी १९६४ मध्ये मराठी व्याकरणाच्या पुनर्विचाराची जी हाक दिली, तिचा रोख उसन्या चौकटींवर होता. राजेश्वरी पंढरीपांडे यांचे १९९७ चे आणि रमेश धोंगडे व काशी वाली यांचे २००९ चे, अशी मराठीची दोन विस्तृत वर्णने त्यानंतर इंग्रजीत उपलब्ध झाली. तरीही मराठी माध्यमाच्या वर्गात हे चार अर्थ पूर्ववत शिकविले जातात, आणि ज्या रचनेने मराठी मनुष्य दिवसातून दहा वेळा दुसऱ्यास बोल लावतो तिला त्या शिकवणुकीत नाव नाही.

संकेतार्थाची व्याख्या ‘जर–तर’वर बांधण्यातही गफलत आहे. ‘आत्ता पडला असतास!’ हे वाक्य ओट्याच्या कडेवर चढलेल्या मुलाला उद्देशून कोणतीही आई म्हणते. त्यात अट नाही, ‘जर’ नाही. आणि ती उच्चारलेली नसली तरी मनात आहे असे म्हणावे, तर ती कोणती हे आईलाही सांगता यावयाचे नाही. अर्थ एवढाच की घडता घडता राहिले. इंग्रजीत येथे ‘वुड हॅव’ एकटे उभे राहत नाही. ‘कुड हॅव’ किंवा ‘निअरली’ची मदत घ्यावी लागते. तसेच ‘आलो असतो, पण पाहुणे आले’ या वाक्यातील ‘आलो असतो’ ही सबब आहे. रूप अटीचे म्हणून जन्मले असेल. ते केवळ अटीचे राहिलेले नाही.

या रूपाच्या उत्पत्तीकडे पाहिले म्हणजे प्रश्नाला आणखी खोली येते. ‘असता’, ‘करता’, ‘येता’ ही संकेतार्थी रूपे मुळात वर्तमानकालवाचक कृदन्ते होत. तृतीय पुरुषी पुल्लिंगात ती साध्या वर्तमानापासून वेगळी राहिली : ‘तो करतो’ पण ‘तो करता तर’. प्रथम पुरुषात मात्र ‘मी असतो’ हे रोजच्या वस्तुस्थितीचेही रूप आहे आणि ‘मी असतो तर’ या कल्पनेचेही. आता ‘होता’ घ्यावे. आज हे निखळ भूतकाळाचे रूप मानले जाते. परंतु तेही ‘होणे’ या धातूचे जुने वर्तमान कृदन्तच, प्राकृतातील ‘होंत’ याचे वंशज. म्हणजे ‘हवे होते’मधील ‘होते’ आणि ‘झाले असते’मधील ‘असते’ ही एकाच साच्यातून निघालेली दोन भावंडे आहेत. एकाने भूतकाळ पत्करला, दुसऱ्याने अवास्तव. जुन्या वळणाच्या ‘तो येता तर बरे होते’ या वाक्यातील ‘होते’ भूतकाळाचे म्हणावे की संकेताचे, हे निश्चित सांगणे कठीण जाते, ते याच कारणाने.

भूतकाळ आणि अवास्तव यांची ही जवळीक केवळ मराठीची नाही. ऑटो येस्पर्सन यांनी १९२४ च्या आपल्या ग्रंथात इंग्रजी भूतरूपाच्या कल्पनापर उपयोगाकडे लक्ष वेधले होते. साबिन इयात्रिदू यांच्या २००० सालच्या निबंधात ग्रीक व इतर भाषांच्या आधारे असे मांडले आहे की, अशा वाक्यांतील भूतकाळाचे चिन्ह काळाचे अंतर न दाखविता प्रत्यक्ष जगापासूनचे अंतर दाखविते. मराठीत याचा पडताळा अत्यंत साध्या ठिकाणी येतो. दारात उभा राहून मनुष्य म्हणतो, ‘जरा बोलायचे होते’. त्याला बोलावयाचे आहे ते आत्ता. ‘होते’ हे आदबीचे अंतर आहे.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. ‘हवे होते’ आणि ‘असते’ ही रूपे खरोखर ‘घडले नाही’ असे सांगतात, की ऐकणारा तसे समजून घेतो? ॲलन अँडरसन यांनी १९५१ मध्ये इंग्रजीविषयी जो मुद्दा मांडला तो मराठीलाही लागू पडतो. रोग्याला तपासणारा वैद्य म्हणू शकतो, ‘याने सोमल खाल्ला असता तर नेमकी हीच लक्षणे दिसली असती’. लक्षणे तर समोर दिसतच आहेत. म्हणजे ‘दिसली असती’ म्हणून ‘दिसली नाहीत’ असा नियम नाही. उलट वैद्याच्या मते सोमल खाल्ला असण्याचाच संभव आहे. ‘हवे होते’चा नकारध्वनी तर याहून सैल आहे. ‘ठरल्याप्रमाणे त्याने कापूरहोळला उतरायला हवे होते, आणि तो उतरलाही’ या वाक्यात विसंगती नाही. म्हणून ‘हवे होते’ची व्याख्या ‘न पाळलेले कर्तव्य’ अशी करणे बरोबर होणार नाही. ते भूतकाळी असलेले कर्तव्य होय. न पाळल्याचा अर्थ संदर्भ पुरवितो. पाळले असते तर कोणी उल्लेख केला नसता, एवढाच तो संदर्भ.

नकाराच्या बाबतीत इंग्रजीचा हात वर आहे, हे मान्य करावे. ‘शुड नॉट हॅव’, ‘नीड नॉट हॅव’ आणि ‘डिड नॉट नीड टू’ असे तीन स्वच्छ भेद तेथे आहेत. मराठीत ‘उतरायला नको होते’ हे पहिल्याचे काम करते, आणि बोलताना कित्येकदा दुसऱ्याचेही. ‘उतरण्याची गरज नव्हती’ हे दुसऱ्या-तिसऱ्यांत हेलकावत राहते. उतारू उतरला की नाही, हे त्यावरून कळत नाही. दुसऱ्या अर्थासाठी मराठीचे खरे देशी वळण म्हणजे ‘उतरले नसते तरी चालले असते’. भाषांतरकारांना ते सुचत नाही, कारण मूळ इंग्रजीत ‘चालणे’ कोठेच नसते.

या भेदांचे महत्त्व वर्गापुरते नाही. इतिहासलेखनात ते निर्णायक ठरते. कापूरहोळचेच उदाहरण घ्यावयाचे तर, १६५७ मध्ये पुरंदरावर जन्मलेल्या संभाजीराजांना सईबाईंच्या आजारपणामुळे कापूरहोळच्या गाडे घराण्यातील धाराऊने दूध पाजले, असे परंपरा सांगते. सईबाई १६५९ मध्ये निवर्तल्या. या प्रसंगावर ‘धाराऊ नसती तर संभाजीराजे जगले नसते’ असे वाक्य भाषणांतून सहज येते. कृतज्ञतेपोटी ते उच्चारले जाते, हे खरे. परंतु विधान म्हणून पाहिले तर ते अतिशय ठाम आहे, आणि तो ठामपणा पुराव्याचा नसून रूपाचा आहे. इंग्रजी लेखकाला येथे ‘वुड नॉट हॅव’ आणि ‘माइट नॉट हॅव’ यांत निवड करावीच लागते; निवड करताना तो क्षणभर थांबतो. मराठीचे ‘नसते’ हे दोन्हींना एकच आहे. शक्यतेची छटा हवी तर ‘कदाचित’ बाहेरून आणावे लागते, किंवा ‘जगू शकले नसते’ म्हणावे लागते, ज्याचा अर्थ पुन्हा थोडा निराळा होतो. जे बाहेरून आणावयाचे ते वक्तृत्वाच्या भरात आणले जात नाही.

पानिपताविषयीच्या लेखनात तर दोन्ही रचना परस्परांत मिसळून गेल्या आहेत. कुटुंबकबिला, बुणगे आणि जड तोफा मागे ठेवाव्यात असा सल्ला सूरजमल जाटाने भाऊसाहेबांस दिला होता, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. ‘भाऊंनी तो सल्ला ऐकला असता तर पराभव टळला असता’ हे एक विधान; ते कार्यकारणाचे आहे, आणि त्याला रसद, फौजेची संख्या, अंतरे यांचा पुरावा लागतो. ‘भाऊंनी तो सल्ला ऐकायला हवा होता’ हे दुसरे विधान. ते न्यायनिवाड्याचे आहे. त्याला निराळा पुरावा लागतो : १७६० च्या पावसाळ्यात भाऊंना काय ठाऊक होते, इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्यावर भिस्त ठेवण्यास त्यांच्यापाशी कोणती कारणे होती, कबिला मागे ठेवण्यास सुरक्षित जागा कोणती होती. पहिल्या विधानावरून दुसरे निघत नाही. सल्ला ऐकल्याने विजय मिळाला असता असे सिद्ध झाले, तरी तो ऐकणे त्या दिवशी भाऊंचे कर्तव्य होते असे ठरत नाही. १४ जानेवारी १७६१ ला काय होणार हे पावसाळ्यात कोणाला दिसत नव्हते. मराठी रचनेत ‘होते’ कर्तव्याला जोडलेले असल्यामुळे ती स्पष्टपणे म्हणते की कर्तव्य तेव्हाच अस्तित्वात होते. लिहिणाऱ्याच्या मनात मात्र पुष्कळदा आजच्या ज्ञानावरून सुचलेले कर्तव्य असते. त्यासाठी मराठीत प्रामाणिक वाक्य उपलब्ध आहे : ‘ऐकला असता तर बरे झाले असते’. यात हळहळ आहे, आरोप नाही. इतिहासाच्या लेखनात ही दोन वाक्ये एकमेकांच्या जागी वापरली जातात, तेव्हा हळहळीचा आरोप होतो आणि भाऊंवर दोनशे पासष्ट वर्षे तो चालत राहतो.

हाच प्रश्न न्यायालयीन भाषांतरात अधिक तीव्र होतो. हयगयीच्या प्रकरणांतील इंग्रजी निर्णयांत ‘ही ऑट टू हॅव नोन’ हा शब्दप्रयोग वारंवार येतो. त्याचे ‘त्याला हे माहीत असायला हवे होते’ असे भाषांतर होते आणि ते प्रथमदर्शनी निर्दोष दिसते. परंतु ‘माहीत असणे’ या क्रियापदाला कर्ता ‘ला’ विभक्तीतच लागतो. ‘त्याने माहीत असायला हवे होते’ असे मराठीत म्हणता येत नाही. म्हणजे कर्तव्य आणि निकड यांना वेगळे ठेवणारी मराठीची जी एकमेव खूण, ती नेमकी येथे वापरता येत नाही. वाचणाऱ्याला हे वाक्य ‘माहिती त्याच्यापर्यंत पोहोचणे आवश्यक होते’ असेही वाचता येते, आणि मग ती पोहोचविणाऱ्या दुसऱ्या कोणाची चूक त्यात डोकावू लागते. यावर मार्ग म्हणून भाषांतरकार क्रियापदच बदलतो : ‘त्याने हे जाणून घ्यायला हवे होते’. ‘ने’ परत येतो, जबाबदारी ठिकाणावर बसते. पण मूळ इंग्रजीत दोष नुसत्या न जाणण्याचा होता, आणि भाषांतरात तो चौकशी न करण्याचा झाला. एक स्थिती आहे, दुसरी कृती. खटल्यातील माणसाने चौकशी केली होती आणि तरीही त्याला उमगले नव्हते, असे असेल तर मूळ निर्णयाप्रमाणे तो दोषी ठरतो आणि भाषांतराप्रमाणे सुटतो.